घरट्याची राखण

स्कॉटलंडच्या उत्तर भागात केर्नगॉर्म नावाचा पर्वतसमूह आहे. वर्षातील बरेच महिने त्याची शिखरे बर्फाने झाकलेली असतात. या पर्वताच्या पायथ्याशी स्पे नदीचे खोरे पसरले आहे आणि त्या खोऱ्यात पाईन वृक्षांचे एक प्राचीन अरण्य आहे. त्याला ॲबरनेथीचे अरण्य म्हणतात. या अरण्याच्या कुशीत एक लहानसे सरोवर आहे. त्याचे नाव लॉख गार्टन. ‘लॉख’ म्हणजे तेथील भाषेत सरोवर. पाणी काळसर, काठावर उंच पाईन, आणि सर्वत्र गाढ शांतता. या सरोवराजवळच्या एका जुन्या पाईनच्या शेंड्यावर काटक्यांचा एक मोठा भारा दिसे. नवख्या माणसाला वाटावे, वादळात मोडलेल्या फांद्या तेथे येऊन अडकल्या असतील. परंतु ते एका पक्ष्याचे घरटे होते. त्या घरट्यासाठी १९५९ साली काही माणसांनी अक्षरशः रात्रीचा दिवस केला.

या पक्ष्याला इंग्रजीत ऑस्प्रे म्हणतात. मराठीत मीनखाई घार या नावाने तो ओळखला जातो. त्याची पाठ गडद तपकिरी आणि पोट पांढरेशुभ्र असते. डोळे पिवळेजर्द असून डोळ्यांपासून मानेपर्यंत एक काळसर पट्टा गेलेला असतो. पंख पसरले म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे दीड मीटर अंतर भरते. मादी नराहून थोडी मोठी असते. जगाच्या पाठीवर पुष्कळ देशांत हा पक्षी आढळतो. मात्र त्याचे अन्न सर्वत्र एकच. ते म्हणजे जिवंत, ताजा मासा.

ऑस्प्रेची शिकार पाहणे हा एक विलक्षण अनुभव असतो. प्रथम तो पाण्यावर उंच घिरट्या घालतो. मासा दृष्टीस पडला, की पंख फडफडवीत तो हवेत एकाच जागी क्षणभर थबकतो. मग पंख आवळून तो खाली झेपावतो आणि पाण्याजवळ येताच दोन्ही पाय पुढे काढतो. पाण्याचा एक मोठा फवारा उडतो आणि पक्षी दिसेनासा होतो. पाहणाऱ्याच्या मनात शंका येते न येते तोच तो पंख झाडीत वर येतो. हवेत गेल्यावर तो ओल्या कुत्र्यासारखे सारे अंग झटकतो आणि पायांतील मासा वळवून त्याचे डोके पुढे करतो. मासा आडवा राहिला तर वारा त्याला अडवील, हे त्या पक्ष्याला कोणी शिकविलेले नसते. निसर्गाने त्याला या कामासाठी साधनेही तशीच दिली आहेत. त्याचे बाहेरचे बोट मागे वळते, त्यामुळे दोन बोटे पुढे व दोन मागे अशी चिमट्यासारखी घट्ट पकड बसते. तळव्यांवर बारीक, काटेरी खवले असतात. बुळबुळीत मासाही त्यांतून सहसा निसटत नाही. पाण्यात शिरताना त्याच्या नाकपुड्या आपोआप मिटतात. इतके असूनही प्रत्येक झेप यशस्वी होत नाही. पुष्कळदा तो रिकाम्या पायांनी वर येतो आणि पुन्हा घिरट्या घालू लागतो.

एके काळी स्कॉटलंडच्या सरोवरांवर हे पक्षी नित्याचे होते. परंतु एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर दुहेरी संकट कोसळले. मासे पळवितो म्हणून लोक त्याला बंदुकीने मारीत. दुसरीकडे, पक्ष्यांची अंडी जमविण्याचा छंद श्रीमंतांत फार बोकाळला होता. ऑस्प्रेची अंडी मोठी देखणी असतात. फिकट पांढऱ्या कवचावर तांबूस-तपकिरी रंगाचे मोठमोठे डाग असतात. अशी अंडी काचेच्या कपाटात मांडून ठेवणे हे भूषण समजले जाई. पक्षी जसजसा दुर्मिळ होत गेला, तसतशी त्याच्या अंड्यांची किंमत वाढत गेली. आणि किंमत वाढली म्हणून पक्षी आणखी दुर्मिळ झाला. लॉख ॲन आयलेन नावाच्या सरोवरात एका बेटावर पडका किल्ला आहे. त्या किल्ल्यावर ऑस्प्रेचे घरटे असे. तेथील अंडी मिळविण्यासाठी त्या काळी संग्राहक गोठविणाऱ्या थंड पाण्यातून पोहत जात. अखेर १९१६ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये घरटे करणारी शेवटची जोडीही दिसेनाशी झाली. पाईन वृक्ष उभे होते, सरोवरात मासे होते. परंतु घरटी ओस पडली.

त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे गेली. १९५४ साली कोणाच्या ध्यानीमनी नसताना एक जोडी लॉख गार्टनच्या परिसरात येऊन राहिली आणि तिने आपली पिले वाढविली. कोणी मुद्दाम त्यांना आणले नव्हते. उत्तर युरोपात हे पक्षी टिकून होते. तिकडे जाता जाता ही जोडी येथे थांबली असावी. वार्ता कळताच पक्षिप्रेमी आनंदून गेले. पण वार्ता जशी मित्रांना कळते, तशी ती शत्रूलाही कळते. घरट्याची जागा गुप्त ठेवण्याचा कसून प्रयत्न झाला. तरी पुढची चार वर्षे तेथून एकही पिलू उडू शकले नाही.

यांपैकी १९५८ चा प्रसंग तर मनाला चटका लावणारा आहे. त्या वर्षी पक्षिसंरक्षण करणाऱ्या संस्थेने घरट्यावर रात्रंदिवस पहारा बसविला होता. जूनच्या प्रारंभी, पहाटेच्या अंधुक प्रकाशात एक माणूस चोरपावलांनी झाडापर्यंत पोहोचला आणि भराभर वर चढला. पहारेकऱ्यांच्या ध्यानात येताच ते धावले. परंतु तोवर चोर खाली उतरून अरण्यात पसार झाला होता. पळताना ऑस्प्रेची अंडी त्याच्या हातून पडली आणि फुटून गेली. नंतर घरट्यात पाहतात तो दोन अंडी जागच्या जागी! ती कोंबडीची होती. त्यांच्यावर बुटाच्या पॉलिशने तपकिरी डाग काढलेले होते. कायद्याने १९५४ सालीच पक्षी आणि त्यांची अंडी यांना संरक्षण दिले होते. परंतु कायदा कागदावर होता आणि अंडी मातीत मिळाली होती. इतकी जागरूक राखणही शेवटी उणी पडली.

पहारेकऱ्यांचे नेतृत्व जॉर्ज वॉटरस्टन यांच्याकडे होते. वॉटरस्टन हे त्या संस्थेचे स्कॉटलंडमधील प्रतिनिधी. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली क्रीट बेटावर ते जर्मनांच्या हाती सापडले आणि त्यांना युद्धकैदी व्हावे लागले. कैदेतही त्यांनी पक्ष्यांचे निरीक्षण सोडले नाही. फेअर आयल नावाच्या दूरच्या बेटावर पक्षिनिरीक्षणाचे केंद्र काढावे, अशी योजना त्यांनी तेथेच मनाशी आखली आणि युद्धानंतर १९४८ साली ती प्रत्यक्षात आणली. तारांच्या कुंपणाआड बसूनही आकाशाकडे पाहणारा हा माणूस एका चोरीने खचून जाणारा नव्हता. पुढच्या वसंत ऋतूत ऑस्प्रे परततील काय, एवढाच प्रश्न होता.

ते परतले. १९५९ च्या वसंतात ती जोडी पुन्हा लॉख गार्टनला आली.

हे येणेही साधे नसते. स्कॉटलंडचे ऑस्प्रे हिवाळा पश्चिम आफ्रिकेत, सेनेगल-गांबियाच्या किनाऱ्यांवर काढतात. तेथून स्कॉटलंड सुमारे ५,००० किलोमीटर दूर. नर आणि मादी हिवाळ्यात एकमेकांबरोबर राहत नाहीत. परतीचा प्रवासही प्रत्येक जण एकट्याने करतो. मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या प्रारंभी दोघेही आपापल्या वाटेने त्याच झाडाकडे येतात. आधी आलेला पक्षी दुसऱ्याची वाट पाहत घरट्यावर बसून राहतो. सहचर दिसला, की नर पायांत मासा धरून आकाशात उंच चढतो आणि वर-खाली हेलकावे घेत, तीव्र स्वरात ओरडत राहतो. हे त्याचे स्वागत होय. मग घराच्या डागडुजीला प्रारंभ होतो. वाळलेल्या फांद्या, शेवाळ, गवताच्या काड्या यांची भर पडते. घरटे तेच असले तरी दर वर्षी ते असे थोडेथोडे वाढत जाते.

यानंतर मादी एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन अंडी घालते आणि उबविण्याचे दीर्घ व्रत सुरू होते. ते सुमारे ३७ दिवस चालते. एप्रिल महिना म्हणजे त्या प्रदेशात थंडीचाच काळ. कधी गारा पडतात, कधी बर्फही पडते, वाऱ्याने झाडाचा शेंडा झोक्यासारखा हलतो. परंतु अंड्यांवर बसलेली मादी जागची ढळत नाही. नराने मासा पकडला, की आधी तो एखाद्या फांदीवर बसून त्याचे डोके स्वतः खातो आणि उरलेला मासा घरी आणतो. मादी तो घेऊन जवळच्या झाडावर जाते आणि ती जेवून येईपर्यंत नर अंड्यांवर बसतो. अशी ही आलटून पालटून चालणारी चाकरी असते.

झाडावर पक्ष्यांचा पहारा चालू होता, तसाच झाडाखाली माणसांचाही. या वेळी झाडाच्या बुंध्याभोवती काटेरी तारा गुंडाळल्या होत्या. दूर एका आडोशाला बसून पाळीपाळीने माणसे घरट्यावर नजर ठेवीत. ही माणसे पगारी नोकर नव्हती. बहुतेक जण आपली रजा खर्चून आलेले स्वयंसेवक होते. ते तंबूत राहत, स्वतः स्वयंपाक करीत आणि पाळी आली की दुर्बीण घेऊन बसत. उन्हाळ्यात त्या प्रदेशात रात्र फार थोडी असते. मध्यरात्रीही क्षितिजावर फिकट उजेड रेंगाळत असतो. त्या धूसर उजेडात झुडूपही माणसासारखे दिसे आणि छातीत धस्स होई. भरीस भर म्हणून चिलटांचे थवेच्या थवे तोंडावर आणि हातांवर तुटून पडत. तरीही डोळा लागू द्यायचा नाही, कारण आदल्या वर्षी दोन-चार मिनिटांतच सर्वनाश झाला होता. आपण काय पाहिले हे प्रत्येक जण वहीत टिपून ठेवी. मादी किती वाजता उठली, नर केव्हा आला, मासा केवढा होता, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतूनच त्या पक्ष्याच्या जीवनाचे चित्र हळूहळू स्पष्ट होत गेले.

अखेर तो दिवस उजाडला. मादीच्या बसण्यात फरक पडला. ती वारंवार उठू लागली, मान वाकवून घरट्यात पाहू लागली. पुढे नराने आणलेल्या माशाचे बारीक तुकडे तोडून ती चोच खाली नेऊ लागली. चोच खाली जाते आणि रिकामी वर येते, याचा अर्थ एकच. पिले बाहेर आली होती! एक नव्हे, दोन नव्हे, तीन पिले. आडोशाआड बसलेल्या माणसांना तीन भवितव्ये हाती लागल्यासारखे वाटले असेल.

आणि याच उन्हाळ्यात वॉटरस्टन यांनी एक धाडसी निर्णय घेतला. आजवर घरटे लपविण्याचा प्रयत्न झाला होता आणि लपविलेले घरटे लुटले गेले होते. तेव्हा ते उघड करावे! हजारो लोकांनी येऊन ते पाहावे! पुष्कळांना हा विचार भयंकर वाटला असेल. गर्दीने पक्षी बिथरले तर? पण वॉटरस्टन यांचा विश्वास वेगळा होता. ज्याने हा पक्षी डोळ्यांनी पाहिला, त्याला त्याची अंडी चोरावीशी वाटणार नाहीत. उलट चोराकडे तो स्वतःच संशयाने पाहील. घरट्यापासून सुरक्षित अंतरावर एक निरीक्षणस्थान उभारण्यात आले. तेथे दुर्बिणी ठेवल्या आणि अरण्यातून तेथवर जाणारी वाट लोकांना दाखवून देण्यात आली.

लोक येऊ लागले. मोटारीतून आले, सायकलीवरून आले, पायी आले. आजोबा नातवंडांना घेऊन आले. त्या एका उन्हाळ्यात सुमारे १४,००० माणसांनी लॉख गार्टनचे घरटे पाहिले. दुर्बिणीला डोळा लावावा, तर प्रथम फक्त काटक्या दिसत. मग एक पांढरे डोके वर येई, पिवळा डोळा चमके, आणि तेवढ्यात सरोवराकडून नर मासा घेऊन उतरे. ज्या भूमीत चाळीस वर्षे हे दृश्य कोणी पाहिले नव्हते, त्या भूमीतील मुले ते पाहत होती.

घरट्यातील जीवन आपल्या गतीने चालले होते. ऑस्प्रेची पिले जन्मतः लवीने झाकलेली असतात. त्यांचा रंग मळकट तपकिरी असून पाठीवर फिकट रेघ असते. संकट जाणवून मादीने विशिष्ट स्वरात हाक दिली, की ती घरट्यात सपाट पडून राहतात आणि काटक्यांत मिसळून जातात. पाऊस आला तर मादी पंखांची छत्री धरते. ऊन तापले तर आपल्या अंगाची सावली करते. पिले मोठी होतात तशी त्यांची भूक वाढते आणि नराची धावपळही वाढते. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत तो सरोवर आणि नदी यांच्या खेपा घालतो. पाच-सहा आठवड्यांत पिलांना पिसे फुटतात. मग घरट्याच्या काठावर उभे राहून पंख फडफडविण्याची तालीम सुरू होते. प्रथम पाय हलतात, मग एक-दोन वीत अंग वर उचलले जाते आणि पुन्हा घरट्यात धप्पकन पडते. सात-आठ आठवड्यांचे झाल्यावर एके दिवशी पिलू वर उठते ते परत घरट्यात पडत नाही. वारा त्याला सांभाळून घेतो.

१९५९ च्या त्या घरट्यातून तिन्ही पिले सुखरूप उडाली. पहारेकऱ्यांच्या जागरणाचे सार्थक झाले.

मात्र उडाल्याने सारे संपत नाही. ऑगस्टमध्ये बहुधा मादी प्रथम निघून जाते. नर काही दिवस पिलांना मासे पुरवीत राहतो, मग तोही दक्षिणेस वळतो. पिलांना वाट दाखवायला कोणी थांबत नाही. अवघ्या तीन-चार महिन्यांचे ते पाखरू एके दिवशी एकटेच निघते आणि कधी न पाहिलेल्या आफ्रिकेच्या दिशेने समुद्र, पर्वत आणि वाळवंट ओलांडते. पुष्कळ पाखरे वाटेतच मरतात. जी पोहोचतात, ती पुढचे वर्षही तेथेच काढतात आणि दोन-तीन वर्षांची झाल्यावर आपल्या जन्मभूमीकडे परततात. त्यांना राखणाऱ्या माणसांना मात्र हे कळत नाही, की दुर्बिणीत दिसलेले पाखरू आज कोठे आहे. राखण करणाऱ्याने एवढेच करावयाचे, की ते परतले तर त्यांचे झाड जागेवर असावे.

पुढील काळही निर्वेध नव्हता. शेतात फवारलेली डी.डी.टी.सारखी विषारी औषधे पाण्यातून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत शिरली. त्यामुळे अनेक देशांत ऑस्प्रेच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली, की ती मादीच्या भारानेच फुटू लागली. अंडीचोरही पुरते नाहीसे झाले नव्हते. तरी राखण चालू राहिली आणि संख्या हळूहळू वाढली. १९७६ साली स्कॉटलंडमध्ये ऑस्प्रेच्या १४ जोड्या होत्या. १९९१ साली ७१ झाल्या आणि २००१ साली १५८. इंग्लंडमधूनही हा पक्षी फार पूर्वी नाहीसा झाला होता. १९९६ पासून स्कॉटलंडमधील काही पिले इंग्लंडच्या रटलंड सरोवरावर नेऊन सोडण्यात आली आणि २००१ साली तेथेही घरट्यात पिलू वाढले. एका झाडाच्या राखणीचे फळ असे दूरवर पसरले.

महाराष्ट्रातही हिवाळ्यात मीनखाई घार दिसते. उजनी, जायकवाडी अशा विस्तीर्ण जलाशयांवर ती येते, पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या खोडावर बसते आणि मासा दिसताच झेपावते. ती लॉख गार्टनची नव्हे. तिचे घरटे आशियाच्या उत्तरेकडील थंड प्रदेशात असते. महाराष्ट्रात ती अंडी घालीत नाही, केवळ पाहुणी म्हणून येते आणि उन्हाळा लागताच निघून जाते. जलाशयाच्या काठावरील मुलाला तिचे झाड कधी दिसणार नाही. परंतु ते झाड कोठेतरी उभे आहे, म्हणूनच ती येथे दिसते. आणि येथील पाणी स्वच्छ व मासळीने भरलेले आहे, म्हणूनच ती परत जाऊन पिले वाढवू शकते. ज्याला एका पाखराची राखण करावयाची आहे, त्याने त्याच्या वाटेवरचा आपल्या वाट्याला आलेला तुकडा तेवढा नीट राखावा. लॉख गार्टनच्या माणसांनी आपल्या वाट्याचे एक झाड राखले.